करंट मातीत उतरत नाही

चिडूनच लिहितोय, चुकत असेन तर सांगा.

आज दुपारी शेजारच्या मळ्यात मोटर चालू करताना नानांना शॉक बसला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर श्वास थांबला होता. त्यांचे थोरले भाऊ, आबा, फावडं घेऊन आले. "नानाले मातीमा दाबा, करंट उतरी जाई."

मी आडवा आलो. करंट अंगात साठत नाही, हृदयाचे ठोके बिघडवून निघून जातो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी नानांची छाती दाबत राहिलो.

"बरगड्या मोडी टाकशी."

"मोडू द्या, आबा."

नाना धुळ्याला दवाखान्यात शुद्धीवर आहेत. एक बरगडी मोडली. आबा माझ्याशी बोलत नाहीत. जोर जास्त झाला का, मलाही ठाऊक नाही. पण पुढच्या वेळीही माती टाकू देणार नाही.

तुमच्या मळ्यात छाती दाबायला कोणाला येतं?