काळ्या मानेचा जाब

“वळा जरा,” आक्का म्हणायच्या. नाव-गाव, दुखणंखुपणं सगळं नंतर. पेशंट दारातून आत आला की त्या आधी त्याची मान बघायच्या. पुरुष असेल तर कॉलर बोटानं खाली ओढायच्या, बाई असेल तर पदर आणि अंबाडा बाजूला सारायच्या. मग माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवायच्या. मी समजायचो की या माणसाच्या लघवीत साखर निघणार, परीक्षानळी तापवली की निळी राहणार नाही, विटकरी होणार.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बारामतीत कालव्याकडच्या रस्त्याला आमचं आठ खाटांचं हॉस्पिटल होतं. एक डॉक्टर, दोन नर्सा, मागच्या खोलीत माझी लॅब आणि या आक्का. कागदोपत्री त्या आया होत्या. नाव सांगत नाही, कारण सगळे त्यांना आक्काच म्हणायचे आणि मला अजून दुसरं काही म्हणवत नाही. माहेर-सासर दोन्ही वालचंदनगरजवळच्या कळंबचं. वडिलांची मेंढरं होती. मेंढरू घेताना दात बघतात, मान चाचपतात, तसंच त्या माणसाला बघायच्या आणि त्याची त्यांना लाजही नव्हती.

एकदा सणसरकडचे एक तात्या लघवीचा नमुना घेऊन आले. मी तपासला तर नळी लालबुंद. तात्या रडायच्या बेताला आले. आक्कांनी बाटली उचलली, नाकाशी नेली आणि तात्यांना विचारलं की आधी हिच्यात काय होतं. तात्या म्हणाले, काकवी. धुतली होती का, तर नुसती हिसळली होती. उसाच्या मुलखात माझी अर्धी नोकरी अशा बाटल्यांवर खर्च झाली. पुढचा आठवडाभर आक्का दिसेल त्याला सांगत होत्या की तात्यांना नाही, बाटलीला डायबेटीस आहे.

पण त्या हसऱ्या होत्या असं समजू नका. त्यांच्या पोटात एक निखारा होता, आणि तो त्या विझू देत नव्हत्या.

त्यांची एकुलती एक लेक सणसरला दिली होती. बागायती घर, दारात ट्रॅक्टर. पोर अंगानं जाड, कमरेत जास्त, आणि मानेवर मखमलीसारखा काळा जाड पट्टा. लग्नानंतर हळद फेडायच्या दिवशी नवरानवरीला अंगणात आंघोळ घालतात, सगळ्या बायका भोवती असतात. तिथं सासूनं सुनेची मान बघितली आणि म्हणाली की आईनं पोरीला अंग धुवायलाही शिकवलं नाही. घरातून पाय घासायची वज्री मागवली. चाळीस बायकांच्या देखत मान घासली, हळदीच्या पाण्यात रक्त उतरेपर्यंत. पाठराखीण म्हणून गेलेल्या मावशीनं परत येऊन हे आक्कांना सांगितलं. दोन वर्षांत पोरीला मूल झालं नाही. मग घाणेरडी आणि वांझ असे दोन शिक्के मारून तिला एसटीत बसवून दिलं, आणि त्याच साली मुलाचं दुसरं लग्न लावलं.

लेक परत आल्यावर आक्का तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन आल्या. मी तिचं रक्त काढलं. साखर अगदी ठीक निघाली. डॉक्टरांनी मात्र तिची मान बघितली, पाळीची चौकशी केली आणि दुसरा नमुना बर्फाच्या थर्मासात घालून पुण्याला पाठवायला सांगितला. रिपोर्ट आला. इन्सुलिन हवं त्याच्या कितीतरी पट जास्त.

डॉक्टरांनी समजावलं. इन्सुलिन साखर शरीराच्या कामाला लावतं. पण हिचं शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून ते आणखी आणखी तयार होतं. या जादा इन्सुलिननं मानेची, काखेची कातडी काळी आणि जाड होते, पाळी बिघडते, पोट सुटतं, आणि पोट सुटलं की शरीर आणखीच बहिरं होतं. साखर बरीच वर्षं नीट दिसते आणि एक दिवस शरीर थकतं. ही घाण नव्हे, घासून जाणारी नव्हे. चालणं वाढवा, खाणं आवरा, पोर सुधारेल.

आक्कांनी ते आपल्या भाषेत बसवून टाकलं. “भावकीतला गडी दारात हाका मारतोय, आतलं कुणी ओ देत न्हाय. मग त्यो जास्त वरडतो. वरडून घसा बसला की संपला कारभार,” असं त्या प्रत्येक पेशंटला सांगायच्या. डॉक्टरांपेक्षा लोकांना हेच पटायचं.

लेक सुधारली. रोज कळंब ते वालचंदनगर चालत जायची, तिथं कारखान्याच्या क्वार्टरमधल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. मान बरीच उजळली, पाळी नीट झाली. दुसऱ्या कुणी देवाला नारळ फोडला असता. आक्कांनी नाही फोडला. त्या म्हणाल्या, “त्या घरातली पोटं मी लग्नात बघितल्यात. सासू खुर्चीत मावत नव्हती. बसून खाणारं घर हाय. ती येणार, भाऊ. हितंच येणार.”

सात वर्षं त्या वाट बघत होत्या. शाप नाही दिला, अंगारा नाही घातला. त्यांना रोगाची चाल ठाऊक झाली होती, आणि तो आपलं काम करील यावर त्यांचा भरवसा होता. सणसरचा पेशंट आला की हळूच त्या घरची चौकशी करायच्या. बाई थकलीय म्हणे, पाय जड झालेत म्हणे. हे ऐकून आक्का खूश होऊन फरशी पुसायच्या. मला भीती वाटायला हवी होती. पण मीही तसलाच, मला त्यांची बाजू न्यायाची वाटायची.

आणि ती आली. मुलगा आणि पुतण्या दोन्हीकडून धरून घेऊन आले. तळपायाची जखम दोन महिने भरत नव्हती, वास सुटला होता. या हॉस्पिटलात कोण आहे हे तिला ठाऊक नसावं. मी रक्त काढलं. खोटं कशाला बोलू, साखरेचा आकडा बघून मला बरं वाटलं. आक्का लॅबच्या दारात उभ्या होत्या. मी आकडा सांगितला. त्यांनी पदर खोचला आणि वॉर्डात गेल्या.

मला वाटलं, आता पाणी हळू देतील, चादर बदलणार नाहीत. कुठलं काय! त्या बाईची केली तितकी सेवा कुणी आपल्या आईचीही केली नसेल. ड्रेसिंगच्या आधी पाय धुवायचं काम आक्कांचं. कोमट पाण्यात पाय घ्यायच्या, बोटाबोटातून पुसायच्या. आणि पाय हातात असतानाच, आठही खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात रोज एकच प्रश्न विचारायच्या.

“विहीणबाई, माझ्या पोरीची मान घाण हुती का?”

पहिल्या दिवशी बाईनं ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी ती रडली. आक्कांनी डोळे पुसायला स्वच्छ फडका दिला आणि पुन्हा तेच विचारलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला डॉक्टरांनी मानेचं समजावलं होतं, ती आता विहीणबाईच्या पदराखाली बघायला लागली. तिथंही तसाच काळा पट्टा होता. वॉर्डात कुजबुज झाली. भेटायला आलेल्या सणसरच्या बायकांनी ऐकलं, त्यातल्या दोघीतिघी त्या अंगणातही होत्या. मी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं. नाही घातलं. मलाही उत्तर ऐकायचं होतं.

सहाव्या दिवशी जखम लाल, ताजी दिसायला लागली. पाय वाचला होता. आक्का पाय पुसत होत्या. त्यांनी विचारलं आणि बाईनं या वेळी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

“न्हवती,” ती म्हणाली.

“मोठ्यानं.”

“न्हवती घाण. चुकलं माझं.” ती थांबली. मग ती हळू आवाजात म्हणाली, “पण विहीणबाई, पोर माझ्या दारात आली तवाच तिच्या मानंवर जुनं वण हुतं. लहानपणापासनं घासल्यालं. मी एक दिवस घासली. ते कुणाचं हुतं?”

आक्कांच्या हातातला पाय तसाच राहिला. मग त्यांनी तो कोरडा केला, खाली स्वच्छ कापड घातलं, पाण्याचं घमेलं उचललं आणि बाहेर गेल्या. मी मागं गेलो. नळाखाली त्या हात धूत होत्या. मी म्हणालो की ती खोटं बोलते, मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, “खोटं न्हाय. धा वर्षं घासलीय मी. दर आंघुळीला. पोर वरडायची, मी म्हणायची गप, लोक काय म्हणतील.”

दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत. विहीणबाई आठवड्यानं चालत घरी गेली. राहिलेला पगार घ्यायलाही आक्का आल्या नाहीत. डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला, उत्तर आलं नाही. दुसरी आया आली, चांगली होती, पण पेशंटच्या मानेकडे कुणी बघेना.

दोन-तीन वर्षांनी कामानिमित्त मी वालचंदनगरला गेलो. लेकीचं शिलाईचं दुकान शोधत गेलो. दुकान कसलं, क्वार्टरच्या व्हरांड्यात मशीन. तिनं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहाला नको म्हटलं तर रागावली. मी आक्कांची चौकशी केली.

तिनं सांगितलं. आई त्या दिवशी बारामतीहून आली ती दारातच उभी राहिली. आत येईना. म्हणाली, मी सहा दिवस तिला विचारलं, आता तू मला विचार. रोज विचार. मी उत्तर देईन.

“मग विचारलंस?” मी म्हणालो.

“व्हय. रोज सकाळी. चूल पेटवायच्या आदी. ती म्हणायची, न्हवती गं. मग मी च्या ठेवायची.”

मी म्हणालो, अगं, आईच ती, अडाणीपणानं केलं, एवढं कशाला ताणायचं. तिनं सुईत दोरा ओवला आणि कापड मशीनच्या सुईखाली सरकवलं.

“गेल्या पोळ्याला आई गेली, भाऊ,” ती म्हणाली. “म्हणून थांबले. न्हायतर अजून इचारत असते.”