बाबांच्या काळजाची उलटी पट्टी

मला डॉक्टरच व्हायचंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला समजवायला येणार नाही. 'नीट' या वर्षी थोडक्यात हुकली. रडून झालं. बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं, म्हणून ठरवलं की बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा आणि पुढच्या वर्षी नीट परत द्यायची. बाबांची अट एकच, कॉलेज घराजवळ पाहिजे. माझाही प्रश्न एकच, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला: शिकता शिकता नीट देऊ द्याल का? कॉलेजांच्या पसंतीचा ऑनलाइन फॉर्म रविवारपर्यंत भरायचा होता.

शुक्रवारी सकाळी बाबांबरोबर अल्लीपूरहून वर्ध्याची एसटी पकडली. मुलींनो, एसटीत आपल्याला अर्धं तिकीट, खिडकी मात्र भांडूनच मिळते. पहिलं कॉलेज घरापासून दीड तासावर, इमारत नवीकोरी. प्रवेशाच्या टेबलावरचे साहेब इतके गोड की काय सांगू! नीट? "देजो ना, बेटा." हजेरी? "होऊन जाते." जे विचारलं त्याला हो. मी म्हटलं, लॅब दाखवता? तर चावीवाले सुटीवर. काचेला नाक लावून पाहिलं, यंत्रं अजून खोक्यातच होती.

बाबा खूश. वर्ध्याला गोरसपाक बिस्किटं घेताना म्हणाले, "काऊन तोंड पाडून राह्यली? सगळ्याले हो तर म्हनलं त्यायनं."

"म्हणूनच तर, बाबा!"

शनिवारी नागपूर, हिंगणघाटवरून. गाडी जामच्या चौरस्त्यावर थांबली की आलूबोंडा खा, पण कढईतून निघताना दिसला तरच. नाही तर पोट राखून ठेवा, नागपुरात तर्री पोहे आहेत.

तिथलं कॉलेज जुनं, भिंतींचे पोपडे निघालेले. बाबांनी दारातच नाक मुरडलं. लॅब मात्र उघडी होती. तिथल्या मॅडमना मी वहीतला प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हजेरी पंच्याहत्तर टक्के लागतेच. आमची परीक्षा अन् तुझी नीट, दोन्ही एकदमच अंगावर येतील. सोपं आहे असं मी काही म्हणणार नाही. पहाटे उठतेस का?"

"चारला, मॅडम."

"मग ये इकडे. बाबांना टेबलावर झोपव."

बाबा संकोचत आडवे झाले. ईसीजी मशीनचे चिमटे मी त्यांच्या हातापायांना लावले. त्यात काय, हृदयाचा धडा मला तोंडपाठ! पट्टी बाहेर आली. मॅडम ती बघत राहिल्या, टोकं वर हवी तिथे खाली होती. बाबा घाबरले.

"माह्यं काळीज उलटं हाय का हो, मॅडम?"

"काळीज ठीक आहे, मशीनही ठीक आहे. पोरीनं उजव्या हाताची वायर डाव्या हाताला लावली."

समोर उभी होते ना, माझा उजवा तो त्यांचा डावा. इतकी लाज वाटली! मॅडम म्हणाल्या, "घाईत डॉक्टरही हे करतात, अन् अशा पट्टीवर भलताच इलाज होऊ शकतो. डॉक्टर हो, पण वायर कुठली कुठे जाते ते शिकून हो." मी चिमटे काढून परत लावले. दुसरी पट्टी सरळ आली.

परतताना जामचा चौरस्ता आला तेव्हा बाबा म्हणाले, "पह्यल्या साहेबानं मले टेबलावर झोपवलं असतं का?"

"खोक्यावर झोपवलं असतं." तेव्हा कुठे ते हसले.

रविवारी फॉर्म उघडला. आईनं विचारलं, "मंग जवळचंच ना?" मी काही बोलणार तोच बाबा म्हणाले, "नाई. पह्यला नंबर नागपूर टाक. अन् नीटची पुस्तकं बी संगं नेजो." घर दूर पडणार हे त्यांनाही कळत होतंच.

सरळ पट्टी बाबांच्या खिशात आहे. स्टँडवर जो भेटेल त्याला दाखवतात, "माह्या पोरीनं काढली." उलटी मी ठेवली, जीवशास्त्राच्या पुस्तकात, हृदयाच्या धड्यात. पहाटे चारला आधी ती बघते, मग अभ्यासाला बसते.