चिपची जागा

वर्कशॉपमधले लोक पाठीमागे तिला 'चिमटा' म्हणत. हातात कायम बारीक चिमटा असायचा आणि बोलणंही त्याच जातीचं. तिला ते ठाऊक होतं, मनातून आवडायचंही.

सर्किट ती आखायची. बोर्डावर कुठला भाग कुठे बसवायचा ते धाकटा भाऊ ठरवायचा, गिऱ्हाइकंही तोच सांभाळायचा. वडील गेल्यावर वर्कशॉप दोघांचं झालं, पण त्यांच्या खुर्चीत धाकटा न विचारता जाऊन बसला. तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं उरलं, तेही टोमण्यांतून.

मग अंडी उबवायच्या यंत्रांचं काम आलं. कपाटाएवढं यंत्र, आत अंड्यांचे ट्रे. हीटर कधी चालू, कधी बंद हे यांच्या बोर्डानं ठरवायचं. तिनं त्यासाठी तापमान मोजणारी डिजिटल चिप निवडली. एवढीशी चिप, पण तापमान थेट आकड्यात सांगायची. खोड एकच : बाहेरच्या हवेपेक्षा बोर्डाच्या तांब्यातून येणारी ऊब तिला आधी कळायची.

"चिप एका टोकाला घे आणि भोवतीनं बोर्डाला खाच पाड," तिनं भावाला बजावलं. "रेग्युलेटर तापतो. त्याच्या आसपासही नको ती."

"बोर्ड बसवायचे डबे येऊन पडलेत, ताई. बोर्ड लहानच लागणार."

"मग डबे परत कर."

"तू सर्किट बघ. डब्यांचं मी बघतो."

तयार बोर्ड तपासायला तिच्या बाकावर आले तेव्हा चिप बोर्डाला वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरला खेटून बसली होती. धाकट्यानं प्रोग्रॅममध्ये दोन अंश वजा करून टाकले होते. उघड्या टेबलावर आकडा बरोबर येत होता. पण बंद यंत्रात हीटर चालू करणारा रिले ओढला गेला की रेग्युलेटर आणखी तापणार, चिप जास्तीचं तापमान दाखवणार आणि हीटर वेळेआधीच बंद पडणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

ती सांगायला उठलीही. तेवढ्यात बाहेरून त्याचा आवाज आला. तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "बहीण आहे ना हाताखाली. सोल्डरिंग वगैरे बघते ती."

ती परत बसली. पडू दे तोंडावर, मनाशी म्हणाली, आणि बोर्ड खोक्यात भरले.

उबवणी केंद्राची मालकीण आली ती अंड्यांचा ट्रे घेऊनच. तिनं धाकट्याच्या टेबलावर एक अंडं फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, ओलं आणि मेलेलं.

"पडद्यावर आकडा बरोबर," ती म्हणाली. "शेवटी मी साधा काचेचा थर्मामीटर आत ठेवला, तर गारठा. सगळी खेप गेली माझी."

"चिप हिनं निवडली," धाकटा म्हणाला.

"आणि जागा कुणी निवडली?" बहिणीनं आपल्या बाकावरून विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," मालकीण म्हणाली. "पाठवण्याआधी तपासलं कुणी?"

"हिनंच." एवढं बोलून धाकटा थांबला. बहिणीकडे बघता बघता त्याचा चेहरा बदलला. "ताई, तुला दिसलं होतं."

"हो."

"तरी पाठवलंस?"

"तू विचारलं होतंस मला?"

मालकिणीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमच्या भांडणात माझी पिल्लं मारलीत," ती म्हणाली आणि ट्रे तिथेच टाकून निघून गेली. ट्रे उचलायला दोघांपैकी कुणी पुढे झालं नाही. तो झाडणाऱ्या बाईनं उचलला.

बहिणीनं बोर्ड नव्यानं आखला. चिप आता जिभेसारख्या निघालेल्या एका टोकावर होती, तिन्ही बाजूंनी खाच पाडलेली. यंत्रात बसवायला ती स्वतः गेली. मालकीण हाताची घडी घालून दारात उभी राहिली. पाण्यालासुद्धा विचारलं नाही. काम करताना बहिणीच्या हातून चिमटा दोनदा निसटला. त्याचाही तिला भावावरच राग आला.

पुढची खेप नीट निघाली. मालकिणीचा निरोप आला, "पिल्लं निघाली. यापुढे दुरुस्तीला तुम्हा दोघांपैकी कुणी येऊ नका."

धाकट्यानं वर्कशॉपच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली आणि मागचं दार बहिणीला दिलं. आता ती प्रत्येक बोर्ड बंद डब्यात तापवून मगच पाठवते. भिंतीपलीकडून गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या भावाचा आवाज येतो, "तिच्याकडचं असेल तर तपासून घ्या हं." तो मुद्दाम मोठ्यानं बोलतो. ती ऐकून घेते, कारण तो म्हणतो ते खोटं नाही, आणि त्यासाठी ती त्याला कधीच माफ करणार नाही.