गीताबाईनं दिलेलं दार

शहागंजच्या मागच्या गल्लीत संघपालची जुन्या लाकडाची वखार आहे. तिथं जाऊन कुणी एखाद्या फळीला सहज हात लावला, की तो विचारायचा, "कुणाच्या घरची हाय, सांगू का?" समोरच्याला घाई असो नसो, तो सांगायचाच. ही तुळई पैठणच्या कापडवाल्याची, ती खिडकी खुलताबादच्या मास्तरांची, हा खांब कन्नडच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचा. एरवी माणूस अबोल. दोन शब्दांत काम भागत असेल तर तिसरा खर्च करायचा नाही. पण लाकडाचा विषय निघाला की समोरच्याचा चहा गार होईस्तोवर सुटका नसायची.

पाडकामातून आलेलं लाकूड तो स्वतः निवडायचा, आणि गंजलेला खिळा कधी सरळ उपटायचा नाही. आधी हातोडीनं हलकेच आत ठोकायचा, म्हणजे त्याची पकड सुटते, आणि मग बाहेर ओढायचा. जुन्या लाकडाला पुन्हा खिळा मारणं तर त्याला मंजूरच नव्हतं. सगळं स्क्रूवर बसवायचं, सरस लावायचा नाही, म्हणजे उद्या कुणाला सोडवायचं झालं तर फळी फाटत नाही. वखारीत आणखी एक शिरस्ता होता. ज्या लाकडाला करवत लावायची नाही, त्यावर खडूनं फुली. ती फुली ओलांडायची कुणाची छाती नव्हती.

हे सगळं त्यानं एका माणसाला अगदी जीव लावून शिकवलं. तो सार्थक. गंगापूरकडच्या, संघपालच्याच गावच्या तात्यासाहेबांचा मुलगा. पुण्याला इंटिरियर डिझाइन शिकून आला होता, चष्मा मोठा, बोलणं गोड. दोन वर्षं तो वखारीत येऊन बसला. रंधा मारल्यावर जुन्या सागाला कसा वास येतो, बोटाच्या पेरानं ठोकलं की आतली पोकळी कशी कळते, वाळवीनं खाल्लेलं कसं ओळखायचं, सगळं संघपालनं त्याला हातात हात धरून दाखवलं.

आता खरं सांगायचं तर संघपालला यात लाकडापेक्षा दुसरंच सुख होतं. त्याचा बाप धोंडिबा तीस वर्षं तात्यासाहेबांच्या उसात राबला. तात्यासाहेब त्याला भर चावडीत "ए धोंड्या" म्हणायचे, पाणी वरून ओतायचे. आणि आज त्यांचा मुलगा संघपालच्या फळीवर मांडी घालून बसतो, त्याच्याच पेल्यातला चहा पितो, "संघपालदादा" म्हणतो. याचा संघपालला किती आनंद होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण होता, आणि जरा जास्तच होता.

मग उस्मानपुऱ्यात सोनिया नावाच्या बाईचं मोठं सलून आणि स्पा व्हायचं ठरलं, आणि ते काम सार्थकला मिळालं. सगळं नैसर्गिक हवं, प्लायवूड नको, चकचकीत टाइल्स नकोत, जुन्यातलं नवं करा, अशी तिची अट. सार्थक वखारीत धावत आला. पुढचे तीन महिने डोकं संघपालचं आणि कागद सार्थकचा, असं चाललं. आरशांना जुन्या खिडक्यांच्या चौकटी लावायच्या, हे संघपालचं. केस धुवायला भांडीबाजारातली तांब्याची घंगाळं बसवायची, हेही त्याचंच. वाफेच्या खोलीत लाकूड अजिबात नको, तिथं काळा दगड आणि भिंतीला घोटलेला चुना, यावर तर तो सार्थकशी भांडला आणि जिंकला.

उरलं पुढचं दार. सार्थकनं वीस दारं पाहिली आणि वीसही नाकारली. शेवटी म्हणाला, "दादा, तुम्ही एकदा फोनमध्ये दाखवलं होतं ना, तुमच्या घरचं? तेच पाहिजे."

ते दार म्हणजे काही नक्षीकाम नव्हे. कडुलिंबाच्या चार रुंद फळ्या आणि मागं दोन आडव्या पट्ट्या. पण त्याची आतली बाजू वेगळी होती. धोंडिबा बेचाळिसाव्या वर्षी गावातल्या साक्षरतेच्या वर्गात अक्षर शिकला. ज्या दिवशी स्वतःचं नाव लिहिता आलं त्या दिवशी घरी आला, पाटी बाजूला ठेवली, मोठा खिळा घेतला आणि दाराच्या आतल्या अंगाला कोरलं, धोंडिबा. तीन अक्षरांना अख्खी संध्याकाळ लागली. तेव्हापासून त्या घरात रीतच पडली. ज्याला आपलं नाव लिहिता येईल त्यानं ते दारावर कोरायचं. त्याखाली संघपाल आला, मग त्याची बहीण सरिता. सगळ्यात शेवटी गीताबाई, त्यांची आई. सरितानं तिला शिकवलं. तिची ‘गी’ वाकडी झाली, तिरपी खाली उतरली, त्यावरून धोंडिबानं तिला जन्मभर चिडवलं.

धोंडिबा गेला. नंतर घरावर स्लॅब टाकला, लोखंडी दार आलं, आणि हे दार गोणपाट पांघरून शेळ्यांच्या गोठ्यात उभं राहिलं. गीताबाई रोज झाडताना त्याच्यावरची धूळ तेवढी पुसायची.

सार्थक स्वतः गावी आला. तात्यासाहेबांचा मुलगा गीताबाईच्या ओट्यावर बसला, ठेचा-भाकरी खाल्ली, दोनदा मागून घेतली. दार जसंच्या तसं लावू म्हणाला, रंग नाही, पॉलिश नाही. नावं आतल्या बाजूला राहतील, बाहेर पडणारा प्रत्येक माणूस ती वाचून जाईल. गीताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"त्याला करवत लागणार नाय ना?"

"नाही काकू. शब्द देतो," सार्थक म्हणाला.

गीताबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही, लेकाकडं पाहिलं. संघपाल म्हणाला, "मी हाय ना, माय."

दार शहरात आलं. संघपालनं दोन्ही अंगांना खडूनं मोठी फुली मारली आणि स्वतः टेम्पोत बसून ते कामावर पोचवलं. पुढच्याच आठवड्यात सार्थकनं त्याला जुना काळा दगड बघायला पैठणकडं पाठवलं. दहा दिवस गेले. परत आला तेव्हा पुढं ताडपत्री टांगलेली. सार्थक हसून म्हणाला की दार मागं ठेवलंय, उद्घाटनाच्या दिवशीच लावू, काकूंनाही घेऊन या, त्यांच्याच हातानं उघडू. संघपालला ते इतकं भावलं की त्यानं ताडपत्रीमागं डोकावूनही पाहिलं नाही. शहाण्या माणसाची कधी कधी अशी मती गुंग होते.

उद्घाटन सकाळी अकराला होतं. गीताबाई पांढरं लुगडं नेसून गंगापूरहून जीपनं आली. केसाला तेल लावलेलं, हातात पेढ्यांचा पुडा. पायऱ्या चढून दोघं वर आले तर पुढं काचेचं दार. संघपालला वाटलं, आपलं आत असेल. आत सगळं त्याच्याच मनातलं उभं होतं. खिडक्यांतले आरसे, तांब्याची घंगाळं, चुन्याच्या भिंतीचा थंडावा. तो आईला एकेक दाखवत चालला, आणि भान हरपून जरा मोठ्यानंच बोलत होता.

कोपऱ्यात पाय धुवायची, नखं करायची जागा होती. तीन खुर्च्या, पुढं तीन घंगाळं आणि त्यांच्यामध्ये पाय टेकवायला लाकडाची लांब बुटकी पायरी. एका खुर्चीत कॉलेजची पोरगी बसली होती, ओले पाय पायरीवर टेकवून. गीताबाई तिथं थांबली. तिला आधी दिसली ती आपली वाकडी ‘गी’. पोरीच्या टाचेखालून धोंडिबा दिसत होता. संघपालच्या नावातून करवत गेली होती, ‘संघ’ एका फळीवर आणि ‘पाल’ दुसऱ्या. सरिता तर कुठंच नव्हती.

सार्थक लगबगीनं आला आणि त्याला बाजूला नेलं. म्हणाला, बाहेरच्या सुतारांचा घोळ झाला, दादा. त्यांच्याकडं फुली म्हणजे इथं कापायचं, असा अर्थ असतो. मी नव्हतो तेव्हा. आता कापलंच होतं, तर वाया घालवण्यापेक्षा…

आणि संघपालला ते पटलं. हेच तर वाईट. त्याला वाटलं, चूक आपलीच. आपण आपल्या वखारीची फुली परक्यांच्या कामावर मारली, कुणाला नीट सांगितलं नाही. तो आईपुढं काय तोंड घेऊन जाऊ या विचारात उभा होता, तेवढ्यात मागून सोनियाचा आवाज आला. ती चार पाहुण्या बायकांना फिरवून दाखवत होती. कोपऱ्याशी येऊन ती कौतुकानं म्हणाली की हे लाकूड सार्थकच्या आजोबांच्या घरच्या दाराचं आहे, आणि ही त्यांच्याकडं राबणाऱ्या गड्यांची नावं आहेत. अख्ख्या डिझाइनची सुरुवात इथूनच झाली. मग तिनं भिंतीवर फ्रेम करून लावलेलं चित्र दाखवलं, सार्थकच्या हातचं, पहिलं स्केच.

संघपाल जवळ गेला. पेन्सिलीनं काढलेल्या तीन खुर्च्या, तीन घंगाळं, मधली पायरी, आणि पायरीवर बारीक अक्षरांत ‘धोंडिबा’. खाली तारीख होती, बारा नोव्हेंबर. सार्थक गीताबाईच्या ओट्यावर बसून शब्द देत होता ते जानेवारीत.

म्हणजे भाकरी मागून खाल्ली तेव्हा करवत ठरलेली होती. पैठणला पाठवलं ते दगडासाठी नव्हतं. दोन वर्षं ज्याच्याकडून दादा म्हणवून घेतलं, त्यानं केसानं गळा कापला. आयुष्यात इतकं ओशाळं संघपालला कधी वाटलं नव्हतं, तात्यासाहेबांच्या दारात वरून ओतलेलं पाणी पितानाही नाही.

"खरी गोष्ट का नाय सांगितली त्यांना?" त्यानं विचारलं.

सार्थक खाली बघत म्हणाला, "दादा, नुसतं धोंडिबाचं दार म्हटलं असतं, तर कुणी थांबून पाहिलं असतं?"

तोवर गीताबाई पायरीजवळ खाली बसली होती. तिनं त्या पोरीला हळूच म्हटलं, "बाळा, जरा पाय उचल. माझ्या मालकाचं नाव हाय ते." पोरीनं झटकन पाय वर घेतले. गीताबाईनं पदरानं फळी पुसली, रोज गोठ्यात पुसायची तशी.

संघपालनं पलीकडं आरसा लावणाऱ्या कारागिराचा पेचकस मागून घेतला आणि मांडी घालून बसला. सगळे स्क्रू होते, ना खिळा ना सरस. तेवढं मात्र सार्थक नीट शिकला होता. सोनिया विचारत राहिली, काय चाललंय, काय चाललंय. सार्थकनं संघपालला अडवलं नाही. पाच मिनिटांत फळ्या मोकळ्या झाल्या. त्यानं त्या सुतळीनं बांधल्या, खांद्यावर घेतल्या आणि दोघं पायऱ्या उतरले. पेढ्यांचा पुडा काउंटरवरच राहिला.

गंगापूरच्या जीपमध्ये गीताबाईनं फळ्या मांडीवर घेतल्या. ‘संघ’ आणि ‘पाल’ जवळ धरून पाहिले. मधलं लाकूड करवतीनं खाल्लं होतं, दोन्ही जुळत नव्हते.

"पुन्यांदा दार व्हईल का ह्याचं?"

"नाय, माय." तो म्हणाला, "त्यानं शब्द दिला व्हता."

गीताबाईनं फळ्या उलट्या केल्या, नावं आतल्या बाजूला गेली.

"त्याचा शब्द म्या धरलाच नव्हता, लेका. म्या तुझा धरला व्हता."