जमिनीवर निजून घर मोजणारे मामा

कुणाबद्दल लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर परीक्षेतल्या निबंधांपलीकडे काही लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचकांनी माफ करावं. पण कुणाच्याही घरी गेल्यावर चहाच्या आधी जमिनीवर आडवा होणारा माणूस उभ्या गोव्यात एकच होता, आणि तो आमच्या परसातल्या खोपीत भाड्यानं राहत होता, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं मला वाटतं.

ड्रायव्हरमामा मूळचे सावंतवाडीकडचे. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. बायको आणि दोन मुलं गावी, भावाच्या घरात. त्यांना आमच्या डिचोलीला आणून एका छपराखाली राहायचं, हा त्यांचा एकच ध्यास. आणि त्यासाठी घर केवढं लागेल हे ते स्वतःचं अंग टाकून मोजत. आमच्या ओसरीवर पहिल्यांदा असे पसरले तेव्हा आई ओरडली, "अगे बाये, भोंवळ आयली मगो तेका!" मामा पडल्यापडल्याच म्हणाले, "भोवळ नाय गे वयनी. हय चार माणसां मावतत काय, ता बगतंय." देवळाचा सभामंडप, केस कापायचं दुकान, कुणाच्या लग्नाचा मांडव, काही म्हणून सुटलं नाही. एका लग्नात तर वाढपी वरणाची बादली घेऊन त्यांना ओलांडून गेले. बरं, हिशेब बिनचूक असावा, तर तेही नाही. मुलांची जागा ते हातानं दाखवत, ती आदल्या गणेशचवथीला गावी पाहिलेल्या उंचीची. पुढच्या चवथीहून परतले ते मुलीची नवी उंची हातानं दाखवतच. म्हणाले, "चेडू वीतभर वाडला रे. घर होयसर पोरां मोठी जातली, मगे कोणाक आणू?"

गावाबाहेरच्या खडकाळ माळावर, सड्यावर, त्यांनी जमिनीचा लहानसा तुकडा घेतला होता, पण बांधायची परवानगी मिळेना. नियमाप्रमाणे चारही बाजूंनी मोकळी जागा सोडायची आणि खोली ठरावीक रुंदीची हवी. मी हे वाचून समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे मधी तुळस रवतली. आमी खंय रवाचा?" तेव्हा गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. "गोव्याक राज्य गावला, माका खोली गावणा नाय," असं ते हॉर्नइतक्या मोठ्यानं सगळ्यांना ऐकवत.

एकदा सोबतीला मला घेऊन ते परवानगीच्या कचेरीत गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, नियम तुमच्याच भल्यासाठी आहेत. घराला उजेड नको? वारा नको?" मामा सरळ फरशीवर निजले. कुठे पाहावं ते मला कळेना. "सायबानू, हयसर मी, थयसर बायल, मधी दोन पोरां. उरलेल्या जाग्यात कोण निजतलो? तुमचो कायदो? नेमाचा घर परवडणा नाय म्हणान माणूस खोपीत रवता. थय खंयचो उजेड?" साहेब खुर्चीतून वाकून पाहू लागले. ते उत्तर देईपर्यंत मामांना, रात्रपाळी करून आल्यामुळे, खरोखरच झोप लागली. शिपाई उठवायला धावला. साहेब म्हणाले, "रावूं दे रे. टेप हाड." आणि त्यांनी घोरणाऱ्या मामांच्या चहूबाजूंनी माप घेतलं.

त्यामुळेच पुढचं घडलं, असं मी म्हणत नाही. तसा विचार आधीपासून चालू होता म्हणतात. पण पुढे सड्याचा तो भाग लहान घरांसाठी वेगळा ठेवला गेला. थोड्या जागेत, शेजाऱ्याबरोबर एकच भिंत धरून बांधायची सवलत मिळाली. मी तोवर शिकायला पणजीला गेलो होतो. मामा काही पत्र लिहिणारे नव्हेत, आणि विचारायचा मला संकोच.

मग एके दिवशी पणजीच्या स्टँडवर आमच्या डिचोलीच्या बसचा कंडक्टर भेटला. "तुमची खोप रिती जाली मरे," तो म्हणाला. "आवय तुजी म्हणटा, परसांत सुनें सुनें दिसता." मी घाबरलो. मामा कंटाळून गावी परत गेले की काय? विचारलं, तर तो हसायला लागला.

"परत कित्याक वतलो? बायल आनी दोगांय भुरगीं हांगा नव्या घरांत आयलीं न्हू! रातची पाळी सोडली तेणें. आतां सकाळीं चेडवाक घेवन इस्कोलांत वता."