राष्ट्राध्यक्ष जातात, न्यायाधीश राहतात

सगळं लिहून ठेवणारी मी, पण त्या सुरक्षारक्षकाचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

२००४ साली डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टात मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली. दाराशी मतदार नोंदणीचं टेबल होतं. "ते नंतर करू गं, चल," नवरा म्हणाला. मीही टेबलावरच्या बाईंना सांगितलं, "राष्ट्राध्यक्ष काय, दर चार वर्षांनी बदलतो. पुढच्या वेळी बघू."

निळ्या कोटातला, पांढऱ्या मिशांचा तो रक्षक लगेच पुढे आला. "मॅडम, आज तुम्हाला शपथ कोणी दिली?"

"त्या म्हाताऱ्या जजसाहेबांनी."

"त्यांना नेमणारे राष्ट्राध्यक्ष घरी गेले तेव्हा तुम्ही बहुधा शाळेत असाल!"

मग त्याने मला भिंतीवरच्या न्यायाधीशांच्या तसबिरींसमोर नेलं. प्रत्येक चौकटीखाली तो बोटाने हलकेच टकटक करायचा, जणू आतल्या माणसाला उठवतोय. "राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देते आणि ही मंडळी तहहयात बसतात. तुम्ही चार वर्षांसाठी मत देत नाही, मॅडम. तीस वर्षांसाठी देता."

एवढं मोठं काम मी पुढे ढकलत होते!

"अगं, चल ना!" नवऱ्याची हाक आली.

"तू हो पुढे, मी नोंदणीचा फॉर्म भरतेय!"

सही करून मी उत्साहाने रक्षकाला विचारलं, "तुम्ही कोणाला मत देणार?"

तो मिशीत हसला. "ते या इमारतीत मी कधीच सांगत नाही. आधी तो फॉर्म त्या बाईंच्या हातात द्या."