शिधा

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे भाऊ नव्या रायपुरात कारकून आहेत. घरात त्यांनी परदेशी अजगर पाळलाय आणि त्याच्या पोटासाठी डब्यांतून पांढरे उंदीर वाढवतात. 'उंदीर' मात्र कधी म्हणत नाहीत, 'शिधा' म्हणतात. ऑफिसला निघण्याआधी शिध्याचा भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं आणि पूजेला बसावं तसे हात धुवायचे, हा त्यांचा नेम.

परवा माझ्या स्वयंपाकघरातला उंदीर पिंजऱ्यात अडकला. आयताच शिधा मिळाला म्हणून मी तो पिंजऱ्यासकट वर नेला. भाऊ दचकलेच.

"बाहेरचं नाही देत मी त्याले, वहिनी. यानं कुठं औषध खाल्लं असंल तर?"

तरी पिंजरा घेतला आणि उंदराला तलावापाशी सोडून आले.

संध्याकाळी त्यांनी पिंजरा परत आणला, धुऊनपुसून. आत एक पांढरा, लंगडा जीव बसला होता.

"हे काय, भाऊ?"

"रिकामं भांडं कसं परत करू जी?" मग खाली बघत म्हणाले, "तीनदा उचललं याले. अजगराले घालणं होऊन नाही राहिलं."

जिना चढता चढता ते थांबले.

"आता याले उंदीर म्हणा, वहिनी."